दोघांपुरती खोली

लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी थोरली आणि तिचा नवरा एकदाही धड भांडले नव्हते. शेजारपाजारी त्यांचं कौतुक करायचे. जोडपं असावं तर असं, चढा आवाज म्हणून कधी ऐकू येत नाही! थोरली हे ऐकून गालातल्या गालात हसायची. आवाज ऐकू येणार कुठून? भांडायला जागा तर हवी.

घर तीन खोल्यांचं आणि माणसं दहा. थोरली म्हणजे घरातली मोठी सून. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं आणि घरादाराने तिला थोरली करून टाकलं. आतल्या खोलीत सासूबाई आणि सासऱ्यांची विधवा बहीण, म्हणजे आत्याबाई, आणि त्यांना बिलगून तिन्ही मुली: एक थोरलीची, दोन जावेच्या. मधली खोली दीर-जावेची. उरली बाहेरची खोली. तिथे खिडकीखाली सासऱ्यांची खाट, मग एक अगडबंब लाकडी कपाट, आणि त्या कपाटाच्या मागे, बाजूला पडदा लावून, थोरली आणि तिचा नवरा.

आता कपाट म्हटलं की त्यात सगळ्या घराचं सामान आलं. त्यामुळे दिवस असो की रात्र, कोणी ना कोणी ते उघडायला यायचंच. कुणाला शाल हवी असायची, कुणाला औषध, कुणाला उगाचच काहीतरी. पलीकडे सासरे झोपलेले. म्हणून ही दोघं कुजबुजायची. घरखर्च कुजबुजत, मुलीची शाळा कुजबुजत, राग आला तरी कुजबुजत. आणि कुजबुजत भांडून बघा एकदा. पहिल्या दोन वाक्यांतच हसू तरी येतं, नाहीतर झोप.

त्यात गंमत अशी की थोरली पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची आणि नवरा फर्निचरच्या दुकानाची गाडी चालवायचा. ती दिवसभर परक्यांच्या खिडक्यांचे पडदे शिवायची, तो परक्यांच्या खोल्यांत पलंग जोडून द्यायचा. "अर्ध्या शहराचे पलंग मी लावलेत," तो तिच्या कानात म्हणायचा, "आणि स्वतः झोपतो कपाटामागे."

मग मावशीने ती जमीन दिली. मावशी कायमची मुलाकडे राहायला निघाली तेव्हा जाता जाता थोरलीला म्हणाली, "टेकडीवरचा तो तुकडा तुझा. माझा मुलगा काही तिकडे फिरकायचा नाही." बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरून चढ चढला की तो तुकडा लागायचा. खाली ओढा, वर आकाश, आणि मध्ये गवत. दोघं बघायला गेली. तिथे उभं राहून नवरा नेहमीच्या आवाजात तिच्या कानाशी कुजबुजला, "एक खोली बसेल इथे."

"अरे, मोठ्याने बोल की," थोरली म्हणाली. "इथे कोण आहे ऐकायला?"

हे "अरे"सुद्धा तिथलंच. घरात, सासू-सासऱ्यांसमोर, ती त्याला "अहो" म्हणायची. चढ चढला की अहोचा अरे व्हायचा आणि तिची पाठ आपोआप ताठ व्हायची.

तर ठरलं. फर्निचर ज्या मोठाल्या लाकडी खोक्यांतून येतं, ती खोकी दुकानाच्या मागे पडून राहायची. मालक म्हणाला, खुशाल ने, तेवढीच जागा मोकळी होईल. त्या फळ्या, जुन्या बांधकामावरचे वासे आणि पत्रे, असं करत सामान जमलं. दर शनिवारी-रविवारी दोघं निघायची. घरी सांगितलं, मावशीच्या जमिनीला कुंपण घालतोय.

हे कुंपण काही संपेना. आठवडे गेले, महिने गेले. नवऱ्याचा अंगठा हातोडी बसून निळा झाला, थोरलीच्या केसांतून लाकडाचा भुसा गळायला लागला. एकदा आत्याबाईंनी तिच्या वेणीतून एक लांबलचक कुसळ काढलं आणि म्हणाल्या, "कुंपण आहे की किल्ल्याची तटबंदी?" थोरलीने मान खाली घालून पोळपाट धुतला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या सहसा विचारत नसत, सांगत असत. घर त्यांच्या हुकमावर चालायचं आणि हुकूम न सुटता गेलेला दिवस थोरलीला आठवत नव्हता.

खोटं बोलायचं कारण एकच होतं. खोली बांधतोय म्हटलं असतं तर ती सगळ्यांची झाली असती. घरात एखादी उशी जादा आली तरी संध्याकाळपर्यंत ती कुणाच्या तरी डोक्याखाली जायची. खोलीचं काय झालं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको. थोरलीचं घरावर प्रेम होतं, खोटं कशाला बोला. पण अकरा वर्षांत नवऱ्याशी एकदा पोटभर, मोकळ्या आवाजात बोलावं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. त्यासाठी ती हाताला फोड येईपर्यंत करवत चालवत होती.

दोघांनाही बांधकामातलं ओ की ठो येत नव्हतं. जोडणी मात्र त्याला कळायची आणि माप तिच्या हातात होतं. "केवढी करायची?" त्याने विचारलं. "दोघांपुरती," ती म्हणाली. नकाशा वगैरे भानगड नव्हती. दोघं गवतात उभी राहिली, इथे अंथरूण, इथे चपला, इथून आत यायचं, असं म्हणत खुंट्या ठोकल्या आणि सुतळी ताणली. एकदाही मतभेद झाला नाही. आपण किती एकदिलाने काम करतो याचं थोरलीला भारी कौतुक वाटलं.

चारही भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे बसले, त्या दिवशी दोघं थर्मासमधला चहा घेऊन पहिल्यांदा आत बसली. आत अंधारगुडुप. थोरलीने न बघता हात मागे नेला आणि पिशवी खिळ्याला अडकवली. नवरा चहा घ्यायला उठला आणि उठताना त्याने डोकं खाली घातलं.

"डोकं का घातलंस खाली?" थोरलीने विचारलं.

"वर ट्रंक नाही का..." तो म्हणाला आणि थांबला. वर ट्रंक नव्हती. ट्रंक घरी होती, कपाटामागच्या फळीवर, तिथे उठताना रोज डोकं खाली घालावं लागायचं. इथे वर नुसता पत्रा होता, चांगला उंच.

थोरलीने मागे वळून खिळ्याकडे पाहिलं. मग दाराच्या जागेकडे, डाव्या हाताला, पडदा असतो तिथे. मग समोरच्या भिंतीकडे. समोर ओढा होता, दरी होती, पलीकडचा अख्खा डोंगर होता, आणि तिथेच त्यांनी फळीला फळी लावून चिऊ-काऊलाही डोकावता येणार नाही अशी बंद भिंत ठोकली होती. कारण घरी तिथे कपाट होतं.

"अरे देवा," थोरली म्हणाली. "आपण कपाटामागची जागाच बांधलीय!"

"आपण म्हणजे? सुतळी तू धरली होतीस."

"आणि खुंट्या कोणी ठोकल्या?"

"तू म्हणालीस इथे, मी ठोकल्या इथे!"

"म्हणजे मी म्हणाले विहिरीत उडी मार, तर मारशील?"

बघता बघता आवाज चढले. भिंतीवरून गाडी सुतळीवर गेली, सुतळीवरून हातोडीवर, हातोडीवरून तिच्या बहिणीच्या साखरपुड्याला तो उशिरा आला होता तिथपर्यंत, आणि तिथून मागे मागे जात थेट लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत. अकरा वर्षांची थकबाकी होती. थोरली इतकी ओरडली की पत्र्यावर बसलेले पक्षी उडाले. तो इतका ओरडला की त्याला ठसका लागला. मग दोघंही एकदम गप्प झाली आणि सवयीने दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

कुणीच ऐकलं नव्हतं. खाली ओढा वाहत होता, बाकी सगळं शांत.

थोरलीला इतकं हलकं वाटत होतं की तिलाच नवल वाटलं. "अजून थोडं भांडू या का?" तिने विचारलं.

"चालेल," तो म्हणाला, "पण आधी ती भिंत काढू."

भिंत काढायला दोन आठवडे गेले. ती चांगली चार पावलं पुढे सरकवली आणि दुकानातल्या जुन्या काचेच्या कपाटांची दारं जोडून तिच्यात ही एवढी मोठी खिडकी बसवली. थोरलीने तिला पडदा शिवला नाही. पडदे तिने पुष्कळ शिवले होते.

राहता राहिलं दार. तेही बसलं, आतून कडी लागली, आणि पुढच्या शनिवारी रात्री तिथेच राहायचं असं दोघांनी ठरवलं. पहिली रात्र. थोरली आठवडाभर शिवणयंत्रावर गुणगुणत होती. सगळं लपवता आलं, एक गोष्ट सोडून. शनिवारी सकाळी गादीची वळकटी खांद्यावर घेऊन नवरा दारातून निघाला आणि आत्याबाईंनी त्याला हटकलं.

"काय रे, कुंपणाला गादी कशाला?"

त्याला खोटं बोलायचं म्हटलं की कान लाल होतात. झाले. "आत्या," तो म्हणाला, "खोली बांधलीय आम्ही."

थोरलीने मनातल्या मनात सगळ्या शिव्या, टोमणे, रुसवेफुगवे मोजून तयारी केली होती. पण झालं ते त्याहून वाईट. सगळ्यांना आनंद झाला. दिराने भावाला मिठी मारली, जाऊ टाळ्या पिटू लागली, मुली तर नाचायलाच लागल्या. "आपली खोली! टेकडीवर आपली खोली!" आणि अर्ध्या तासात सगळं घर फर्निचरच्या गाडीत, गादीवर बसून, टेकडीच्या वाटेला लागलं होतं. थोरली पुढे नवऱ्याशेजारी बसली होती. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर तिला रडूच आलं असतं.

पोचताक्षणी वाटणी सुरू झाली. दीर हात पसरून उभा राहिला. "इथे आत्याची खाट. इथे वर माळा टाकू, मुली वर झोपतील."

"या कोपऱ्यात ओटा," जाऊ म्हणाली.

"आणि दादा, ते कपाट!" दिराला एकदम सुचलं. "घरात नुसती जागा अडवतंय. ते इथे आणू. या खिडकीपुढे बघ, मापात बसेल!"

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. इतके महिने, इतके फोड, आणि शेवटी कपाट त्यांच्या मागोमाग टेकडी चढून येणारच होतं.

सासूबाई यात कुठेच नव्हत्या. त्या गादीवर बसून फळ्यांवरून हात फिरवत होत्या. मग उठल्या, दारापाशी गेल्या, दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. कडी सरकवून पाहिली. सासरे खिडकीशी उभे होते, नेहमीसारखे गप्प. घरात त्यांच्या तोंडून "हं" आणि "बरं" याखेरीज तिसरा शब्द निघाला तर सगळे वळून बघायचे.

"सगळे ओढ्यावर जा," सासूबाईंनी फर्मावलं. "मुलींना पाणी दाखवा. थोरले, तू थांब."

आता हिशोब होणार, थोरलीने ओळखलं. खोटं का बोललीस, आमच्यापासून लपवलंस का. ती मान खाली घालून उभी राहिली. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, जमिनीकडे बघत म्हणाल्या,

"आज रात्री आम्ही इथे राहिलो तर चालेल?"

"आम्ही म्हणजे... सगळे?"

"सगळे कशाला? मी आणि हे."

थोरलीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा पहिल्यांदा आला तो संताप. आजची रात्र तिची होती. तिने या फळ्या तासल्या होत्या, कुसळं काढली होती, पावसात पत्रे धरले होते. "नाही" अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. आणि मग तिच्या लक्षात आलं की सासूबाई विचारत होत्या. ही बाई, जिने जन्मभर हुकूम सोडले, ती आज सुनेपुढे उभी राहून परवानगी मागत होती. आतल्या खोलीत आत्या आणि नाती, बाहेर खिडकीखाली खाट. किती वर्षं चाललं होतं हे? थोरलीने कधी विचारच केला नव्हता. आपण कपाटामागे आहोत याचं तिला इतकं दुःख होतं, की कपाटाच्या पुढे कोण झोपतं हे तिने पाहिलंच नव्हतं.

"राहा की," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा नीट निघाला. "पाणी भरून ठेवते. स्टोव्ह कोपऱ्यात आहे, काड्यापेटी त्या फळीवर. आणि आई, कडी जरा वर उचलून सरकवा, अडकते ती."

ओढ्यावरून सगळे परत आल्यावर सासूबाईंनी निर्णय जाहीर केला. दिराने तोंड उघडलं, पण जावेने त्याला असा चिमटा काढला की ते मिटलं. सासरे म्हणाले, "बरं." त्यांचे कान मात्र लाल झाले होते. ते लाल कान कुणाकडून आले हे थोरलीला त्या दिवशी समजलं.

गाडी खाली रस्त्यावर उभी होती. सगळे बसले, ऊन उतरायला लागलं, आणि थोरलीला आठवलं की वर बॅटरी दिलीच नाही. ती घेऊन ती चढ चढली. दाराजवळ पोचली आणि थबकली. आतून एका पुरुषाचा आवाज येत होता, खणखणीत. क्षणभर तिला वाटलं, कोण आलंय?

"...आणि तो आकाशी शर्ट!" सासरे म्हणत होते. "दर वर्षी आकाशी! मला तो रंग मुळीच आवडत नाही. पहिल्यापासून नाही!"

थोरलीने तोंडावर हात दाबला. दर वर्षी सासूबाई आकाशी कापड आणायच्या आणि तो शर्ट तीच शिवायची. कॉलर दोनदा उसवून.

"अहो, मग सांगायचं होतंत!" सासूबाईंचाही आवाज चढला होता. "मी आपली वर्षानुवर्षं आकाशी कापड शोधत दुकानं पालथी घालतेय!"

"सांगणार कधी? कधी ताई, कधी पोरं, कधी पाहुणे. तू एकटी सापडलीस कधी? आणि शर्टाचा रंग सांगायला म्हणून बायकोला बाजूला बोलवायचं? लोक काय म्हणाले असते?"

मग सासूबाई हसायला लागल्या. थांबेचनात. थोरलीने त्यांना असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. हसू ओसरलं तसा सासऱ्यांचा आवाज खाली आला.

"आणखी एक राहिलंय सांगायचं. तू दवाखान्यात होतीस ना, धाकट्याच्या वेळी. आत सोडत नव्हते मला. मी रात्रभर फाटकापाशी उभा होतो. तुला वाटलं, मी घरी जाऊन झोपलो."

थोरलीने बॅटरी हळूच पायरीवर ठेवली आणि वळली. उशीर का झाला म्हणून नवरा तिला शोधत वर आला होता आणि दोन पावलांवर उभा होता. त्यानेही ऐकलं होतं. दोघं चढ उतरली. तिचे डोळे भरून आले होते आणि आकाशी शर्टाच्या आठवणीने हसूही आवरत नव्हतं.

रविवारी सकाळी सगळं घर पुन्हा हजर. सासूबाई दारात उभ्या होत्या, कमरेवर हात, हुकमाच्या नेहमीच्या पवित्र्यात. कुणाला आत पाऊल टाकू देईनात.

"ऐका सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "या खोलीत एका वेळी दोघंच राहायचं. शनिवार-रविवार या दोघांचा, त्यांनी बांधलीय. मधल्या वारी कुणाला हवी असेल त्याने थोरलीला विचारायचं. ती नाही म्हणाली तर नाही."

"आणि कपाट?" दिराने विचारलं.

"कपाट इथे आलं, तर आधी मी तुला त्यात कोंडेन."

आत्याबाईंचा चेहरा पडला. "दोघंच म्हणे. मग मी कुणाबरोबर येऊ?"

"माझ्याबरोबर," सासूबाई म्हणाल्या. "बुधवारी येऊ. मलाही पुष्कळ ऐकवायचंय तुम्हाला."

दीर गाडी चालवतो म्हणाला, गाडी चढाखाली दिसेनाशी झाली, मुलींचा गलका विरत गेला. थोरली आणि तिचा नवरा आत आली. दार लावलं. खिडकीतून डोंगर दिसत होता. इतके महिने ज्या घटकेची वाट पाहिली ती आली होती, आणि दोघंही पाहुण्यासारखी गादीच्या कडेवर बसून राहिली.

शेवटी थोरलीनेच विचारलं, चांगलं मोठ्याने, "अरे, माझं काय काय आवडत नाही रे तुला?"

"काही नाही," तो सवयीने पुटपुटला.

"मोठ्याने."

त्याने खिडकीकडे पाहिलं, डोकं खाजवलं. "खरं सांगू?"

"मग खोली बांधली कशाला?"

तो उठला, बूट काढून भिंतीशी लावून ठेवले आणि ऐसपैस मांडी घालून बसला. "तर मग आधी चहा टाक," तो म्हणाला. "वेळ लागेल."

थोरलीने मोठं पातेलं घेतलं.